थोरली, धाकटी आणि ताटातली तूर

आप्पांच्या तोंडून "हाव", म्हणजे "हो", हा शब्द मी तीन वर्षांत फक्त एकदा ऐकला. आमच्या लातूर-नांदेडकडे माणूस झोपेतसुद्धा "हाव" म्हणतो, तिथे ही काही साधी गोष्ट नाही. तुम्ही काहीही म्हणा, आप्पा त्याच्या उलट म्हणणार. ऊन फार आहे म्हणा, ते आभाळाकडे बोट दाखवणार. चहा गोड झालाय म्हणा, ते साखर मागणार. आणि त्यांच्या गॅरेजात येऊन कोणी भोळेपणाने विचारलं, "आप्पा, खराब रस्त्याला पुढचं एक्सल कोणतं चांगलं, सबंध का सुटं?" तर मी वरच्या खिडकीतून ओरडायचे, "काका, आधी इंजिन बंद करा, डिझेल जाईल!" कारण आता दीड तासाची निश्चिंती असायची.

ती वरची खिडकी माझी. लातूरला डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता, तोही ऑटोमोबाईलला, आणि वर्गात मी एकटीच मुलगी. खोली शोधत तीन दिवस फिरले. घरमालक आधी गाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, आणि आडनाव कळलं की त्यांना एकदम आठवायचं की खोली कालच दिली. आप्पांनी दोन्हींतलं काहीच विचारलं नाही. ते एका जीपखाली आडवे होते, बाहेर नुसते अनवाणी पाय दिसत होते. खालूनच आवाज आला, "कशानं आलीस?"

"एसटीनं."

"कुठं बसली व्हतीस?"

"मागच्या चाकावर."

"मंग पाठ दुखत असंल. कामून दुखली ते सांग, खोली देतो."

मी म्हटलं, "पाटे कडक असतात म्हणून." पाटे म्हणजे गाडीखाली एकावर एक रचलेल्या त्या पोलादी पट्ट्या. आप्पा बाहेर सरकले, उठून बसले आणि पाट्यांचा यात काहीच दोष नाही हे त्यांनी मला अर्धा तास पटवून दिलं. मला पटलं. तसं मी म्हणाले. मग पुढचा अर्धा तास त्यांनी दोष पाट्यांचाच कसा आहे ते सिद्ध केलं. तोवर काकूंनी माझी ट्रंक वर नेऊनही ठेवली होती.

बुटका माणूस. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि दुपारपर्यंत त्यात ग्रीसचा चौथा मिसळलेला. गळ्यातलं लिंग गाडीखाली शिरताना शर्टाच्या खिशात घालून वर बटण लावायचे. कोणी लिंगायतांच्या रीतीने "शरणार्थ आप्पा" म्हटलं की हे "जय भीम" म्हणणार, आणि मी "जय भीम" म्हटलं की "शरणार्थ". आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलेलं, रिटायर झाल्यावर घराच्या अंगणातच गॅरेज टाकलेलं. काकूंनी चाळीस वर्षांत या माणसावर तोडगा शोधून काढला होता. त्या ओटीवरून सांगायच्या, "आज जेवायला येऊ नका, भाजी बिघडली." पाचव्या मिनिटाला आप्पा पाटावर हजर. मी तोच उपाय करून बघितला तर म्हणाले, "ती इद्या तुझ्या काकूलाच येते, पोरी. तू आपला अभ्यास कर." माझा असा संताप व्हायचा! आणि तरीही कॉलेज सुटल्यावर मी धावत तिथेच यायचे, कारण कॉलेजात गाडीचं सस्पेन्शन फळ्यावर होतं आणि इथे अंगणात होतं.

अंगणात त्यांच्या स्वतःच्या दोन जीपा उभ्या असत. थोरली आणि धाकटी. थोरली म्हातारी, हिरवी, पाट्यांवर बसलेली. तिची पुढची दोन्ही चाकं एकाच सबंध लोखंडी आखाला, बैलगाडीची असतात तशी. एक चाक दगडावर चढलं की आख तिरपा होतो आणि दुसरं चाक खाली दाबलं जातं. त्यामुळे हळू चालवली तर ती खाचखळग्यात जमीन सोडत नाही. धाकटी पांढरी, नव्या पद्धतीची. तिची पुढची चाकं सुटी, दोघांची खालीवर होण्याची सोय वेगळी. एकाला बसलेला धक्का दुसऱ्याला कळत नाही, म्हणून खडबडीत रस्त्यावरून ती पळते ती अशी की बघत राहावं. पण खोल तिरप्या चरात गेली की तिचं एक चाक हवेत लोंबायला लागतं. हे एवढं शिकायला मला दोन सत्रं लागली, कारण सबंध आखाचं कौतुक केलं की आप्पा सुट्याची बाजू घेत आणि सुट्याचं केलं की सबंधाची. त्यांचं स्वतःचं मत काय, हे काकूंनाही ठाऊक नव्हतं.

गाडी तपासायची त्यांची पद्धत तर कुठल्याच पुस्तकात नाही. एक स्टीलचं ताट घ्यायचं, त्यात मूठभर अख्खी तूर पसरायची, ताट शेजारच्या सीटवर ठेवायचं आणि गाडी फिरवून आणायची. मग ज्योतिषी कुंडली बघतो तसे त्या ताटावर वाकायचे. दाणे सगळे मागे गेले तर गाडी खड्ड्यात उडी मारते. एका अंगाला गोळा झाले तर त्या बाजूला झुकते. आणि मधली जागा रिकामी पडून दाणे कडेकडेनं गोल बसले, तर चाक थरथरतं. आज मी एका कंपनीत गाड्यांच्या चाचण्या घेते. संगणकावर रंगीत रेषा उमटतात, छान असतं सगळं. पण खरं सांगते, माझ्या ड्रॉवरमध्ये तुरीची पुडी आहे.

दुसरी सवय अनवाणी चालायची. अवघड रस्ता असला की आप्पा आधी चपला काढून तो पायी चालून येत. "डोळ्याला दगड दिसतो," म्हणायचे, "पायाला त्यो हालतोय का ते कळतं."

एकदा नांदेडहून पाच-सहा हौशी पोरं आली. जीपा सजवलेल्या, टायर कमरेएवढे. त्यातल्या दोघांची पैज लागली होती, एकाची गाडी सबंध आखाची, दुसऱ्याची सुट्या चाकांची. मुदखेडजवळच्या एका बंद पडलेल्या खदानीत निकाल लावायचा होता आणि पंच म्हणून आप्पा हवे होते. मी कॉलेज बुडवलं आणि थोरलीत जाऊन बसले. काय दिवस होता तो! आप्पांनी आधी खदान पायाखाली घातली, मग चुन्याने वाट आखली. पहिली फेरी दगडांतून, माणसाच्या चालीने. सुट्या चाकांची गाडी दुसऱ्याच वळणावर अडकली, कोंबडीसारखा एक पाय वर घेऊन. चाक हवेत गरागरा फिरतंय आणि पोरगा आत स्टेअरिंग बडवतोय. सबंध आखाची गुरगुरत, वाकडीतिकडी होत वर चढली. तिच्या मालकाने बोनेटवर चढून नाच केला. लगेच आप्पा म्हणाले, "आता ह्या मुरमाच्या सडकंनं कालव्यापर्यंत. पळवा." अर्ध्या वाटेत नाचणाऱ्याच्या गाडीचं स्टेअरिंग असं हादरायला लागलं की त्याचे गालसुद्धा हलताना दिसत होते. दुसरा धुरळा उडवत भुर्रकन पुढे गेला. मी उड्या मारत होते, कोणाच्या बाजूने ते माझं मलाच कळत नव्हतं.

"मंग जिंकलं कोन, आप्पा?" पोरांनी विचारलं.

"ते रस्त्याला इचारा. मला भूक लागली."

पोरं चिडली. मीही चिडले. परतीच्या वाटेत मी म्हटलं, "तुम्हाला कधीच काही ठरवायचं नसतं." आप्पा म्हणाले, "तुला लई ठरवायचं असतं."

आता जे सांगायचंय ते माझ्या बाबांचं आहे. आमचं गाव निलंग्याच्या पुढे. वस्तीवरच्या विहारासाठी सगळ्यांनी मिळून बुद्धाची संगमरवरी मूर्ती आणवली होती. तिला निलंग्याहून गावात आणलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. बाबा स्वतः होऊन म्हणाले, मी धरून बसतो. गावाबाहेर नाल्याच्या पुलावरच्या खड्ड्यात ट्रॉली आदळली आणि मूर्तीच्या मानेला आरपार तडा गेला. त्याबद्दल बाबांना कोणी एक शब्द बोललं नाही. उलट सगळे म्हणायचे, तुमची काही चूक नाही. पण तेव्हापासून दर रविवारी वंदनेला सगळी वस्ती आत आणि माझे बाबा बाहेर, चपलांजवळ. दोन वर्षं. आई हाक मारायची, ते मान हलवायचे. मला ते बघवत नव्हतं, म्हणून रविवारी मी गावाला जाणंच सोडलं होतं.

मग बुद्धपौर्णिमेसाठी दुसरी मूर्ती येणार असं ठरलं. मधल्या पावसाळ्यात नाल्यावरचा पूल वाहून गेलेला, ट्रक निलंग्यालाच थांबणार, पुढे जीपच हवी. मी आप्पांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मला मूर्ती तर नीट न्यायचीच आहे, पण बाबांनी ती धरून न्यायला हवी." आप्पा पुन्हा गाडीखाली शिरले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे खाली हॉर्न वाजला. एक नाही, दोन. धाकटीत आप्पा बसले होते आणि थोरलीचा हॉर्न काकू दाबत होत्या. "हिला तू चालव," आप्पा म्हणाले.

आमच्या घरी चहा पिताना बाबांनी विषय काढला. "मी गाडीत बसनार न्हाई, आप्पा. मागल्या बारीला चूक माझी झाली."

हे वाक्य बाबा कोणाहीपुढे बोलले की समोरचा हळहळायचा, नाही हो म्हणायचा आणि विषय बदलायचा. आप्पांनी कपबशी खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

"तुमची? ट्रॉलीला पाटे व्हते का?"

"न्हाई."

"स्प्रिंग?"

"न्हाई."

"आख कशाला बांधलेला?"

"सरळ सांगाड्याला."

"मंग चाक खड्ड्यात गेलं त्यो दनका कुठं जाईल? मूर्तीत. मधी तुमी. तुमी काय लोखंडाचे हायसा?"

"पर धरलं व्हतं मीच."

"धरलं म्हनून नुसती मान गेली. सोडलं असतं तर भुगा झाला असता. आन् घाई कुनाची व्हती?"

"बँडवाले आले व्हते," बाबा पुटपुटले. "डायवरला सारखे फोन येऊन राहिले व्हते. पर आप्पा, हात माझेच व्हते..."

"हातानं काय व्हतंय? पाटं काय असतंय तुमाला ठाव हाय का?" आणि आप्पांनी आमच्या सारवलेल्या अंगणात कोळशाने ट्रॉली काढली, आख काढला, दणक्याचे बाण काढले. बाबा एक मुद्दा मांडायचे, आप्पा तो खोडायचे. तासभर! माझ्या बाबांशी दोन वर्षांत कोणी भांडलं नव्हतं. शेवटी बाबा म्हणाले, "तुमी उगं माझं मन राखून राहिलाव."

आप्पा ताडकन उभेच राहिले. "मी? मन राखतो? पोरी, सांग ह्यांला. मी आजवर कुनाचं मन राखलंय का?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही बाबा. माझं तर एकदाही नाही."

बाबा हसले. किती दिवसांनी! आई चुलीपासून उठून दारात आली, कोण हसलं ते बघायला.

संध्याकाळी आप्पांनी मला चपला काढायला लावल्या. ज्या वाटेने मी शाळेत गेले ती वाट मी त्या दिवशी पहिल्यांदा पायाने वाचली. निलंग्याकडून चार किलोमीटर उखडलेलं डांबर, मग नाला, मग काळ्या रानातून चाकोऱ्या, मे महिन्यात वाळून दगड झालेल्या. नाल्यात तीन चर, तिन्ही तिरपे. मी म्हटलं, "धाकटी घेऊ. मऊ चालते, डांबरावर मूर्तीला धक्का लागणार नाही."

"थोरली घे," आप्पा म्हणाले.

अर्थात! मी सकाळी उठून युक्तीने म्हटलं, "बरं, थोरली घेऊ."

"धाकटी घे."

मला रडू यायचं राहिलं. आज पौर्णिमा, निलंग्यात मूर्ती वाट बघतेय, बाबा धुतलेला पांढरा सदरा घालून अंगणात उभे आहेत, आणि हा माणूस! मी ओरडले, "आप्पा, आज तरी खरं सांगा! ही मान पण गेली तर माझे बाबा कधीच आत जाणार नाहीत!"

आप्पा शांतपणे म्हणाले, "मूर्ती तुझ्या गावाची, रस्ता तुझ्या पायाखालचा. मी सांगून तू चालवलीस तर नाल्यात माझ्याकडं बघशील. रस्त्याकडं बघ. वेळ किती हाय तुझ्याकडं?"

आणि मला खदान आठवली. पहिली फेरी आठवली, दुसरी आठवली. धाकटी मऊ होती ती पळताना. नाल्यात पळायचं नव्हतंच, आणि तिथे चाक हवेत गेलं की गाडी आदळणार. मधेच मूर्ती उतरवून गाडी बदलायची म्हणजे आणखी मोठी जोखीम. घाई नसेल तर थोरली अख्खा रस्ता नेईल, डांबरसुद्धा, माणसाच्या चालीने. मी विहारात फोन लावला आणि सांगितलं, "मिरवणूक चारला नाही, दिवस मावळताना काढा. मधे कोणीही फोन करायचा नाही. बँडवाल्यांना जेवायला वाढा." मग फोन बंद करून आईकडे दिला आणि म्हणाले, "थोरली."

आप्पा उलट काहीच बोलले नाहीत. त्यांनी आत जाऊन ताट आणि तूर आणली.

निलंग्यात आठ जणांनी मूर्ती उचलून थोरलीत ठेवली, खाली चार वाकळा, भोवती आईच्या आणि चुलत्यांच्या घरच्या साड्यांचे पीळ. चाकांतली हवा मी थोडी कमी केली. बाबा मागे बसले, एक हात मूर्तीच्या खांद्यामागून घातलेला, मांडीवर तुरीचं ताट. डांबराचे चार किलोमीटर आम्ही दोन तासांत गेलो. सायकलवाले पुढे जात होते, एक म्हातारी शेळ्या घेऊन पुढे गेली, जाताना आम्हाला हसली. मला त्याचं काही वाटलं नाही.

नाल्यापाशी आप्पा खाली उतरले. चपला काढल्या आणि माझ्याकडे तोंड करून, मागे मागे चालत, ते चरात उतरले. फक्त हात हलत होते: इकडे, थांब, ये. लो गिअर, फोर बाय फोर, पाय क्लचवरून पूर्ण काढलेला. उजवं चाक दगडावर चढायला लागलं. थोरली कण्हली. डावं चाक आता हवेत जाणार असं वाटलं आणि मला आख तिरपा होताना जाणवला, खरंच जाणवला, बुडाखाली, आणि डावं चाक दाबून चराच्या तळाला टेकलं. अहाहा! पुस्तकातली ती आकृती माझ्या हाताखाली जिवंत झाली होती. पहिला चर गेला. दुसरा गेला. तिसऱ्यात गाडी इतकी तिरपी झाली की मागून बाबांचा श्वास ऐकू आला. मी मागे बघितलं नाही. आप्पांच्या हातांकडेही शेवटी शेवटी बघितलं नाही, रस्ताच बघत होते. मग पुढची चाकं काठावर आली, मागची आली, आणि समोर काळं रान पसरलं. मी गळा फाडून ओरडले. आप्पांनी शर्टाच्या खिशाचं बटण काढून लिंग बाहेर घेतलं, कपाळाला लावलं आणि पुन्हा गळ्यात सोडलं.

विहारापाशी पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. निळे झेंडे, पांढरी लुगडी, ढोल. लोकांनी मूर्ती उतरवली, वाकळा सोडल्या. मान नीट. नाक, कान, बोटं, सगळं नीट. बायांनी बुद्धाचा जयजयकार केला.

मी धावत जाऊन बाबांच्या मांडीवरचं ताट घेतलं. मधली जागा रिकामी होती. दाणे कडेकडेनं गोल बसलेले. म्हणजे चाक थरथरलं! एवढ्या जपून आणूनही? मूर्तीला आतून कुठे बारीक तडा गेला असेल तर? मी ताट आप्पांपुढे धरलं. ते बराच वेळ त्यावर वाकून राहिले.

"ह्यो थरथराट चाकाचा न्हाई," ते म्हणाले. "गाडी हालली न्हाई. ताट ज्याच्या मांडीवर व्हतं त्यो हालला."

मी बाबांकडे वळले. त्यांचे गुडघे अजूनही कापत होते. सदऱ्याची कॉलर ओली झाली होती, आणि डोळे पुसायला हात वर नेलाच नव्हता त्यांनी. अख्ख्या वाटेत तो हात मूर्तीवरून निघाला नव्हता, आताही तसाच वाकडा राहिला होता.

"आप्पा," बाबा म्हणाले, "ताट हाललं माझ्याकडून. पर मूर्ती... मूर्ती नीट धरली ना मी?"

तीन वर्षं या माणसाला ओळखत होते मी.

"हाव," आप्पा म्हणाले.

बाबांनी पायरीपाशी चपला काढल्या आणि ते आत गेले.